सर्जरीनंतर घन आहार जमेना, तेव्हा

प्रिय ताई,

वजन कमी करण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढून टाकायची, स्लीव्हची सर्जरी होऊन मला दहा आठवडे झाले. हॉस्पिटलमधून आहाराचा छापील तक्ता मिळाला होता. आधी पातळ पदार्थ, मग प्युरी, मग मऊ आहार आणि सातव्या आठवड्यापासून नेहमीचं जेवण. सातवा आठवडा लागला त्याच दिवशी मी चिकन खाल्लं. तिसऱ्या घासाला छातीच्या मधोमध काहीतरी अडकल्यासारखं दुखायला लागलं, तोंडाला फेसाळ लाळ सुटली आणि थोड्या वेळाने उलटी झाली. पुढच्या आठवड्यात भात खाऊन पाहिला, तेच झालं. मग ब्रेड, पुन्हा तेच. तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. आता फक्त दही, सूप आणि प्रोटीनचं पेय यांवर आहे. ते व्यवस्थित जातं. मधूनमधून चहात बुडवून बिस्किटं खाते, तीही जातात, पण खाल्ल्यावर अपराधी वाटतं. माझ्या नणंदेची वजनासाठीचीच, पण पोटाची बायपास सर्जरी झाली आहे, ती दीड महिन्यात सगळं खायला लागली होती. सासूबाई काळजीने म्हणतात, "अगं, घासभर तरी खा, नाहीतर अंगात ताकद कशी येणार?" आता केसही गळायला लागलेत. सर्जनची पुढची भेट महिन्याभराने आहे. माझ्या पोटात काही बिघडलंय का? की मला आता कधीच नीट जेवता येणार नाही?

– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण रात्री झोप उडवणारा प्रश्न तोच असणार. तुम्हाला नीट जेवता येईल. दहाव्या आठवड्यात घन पदार्थ न जमणाऱ्या तुम्ही एकट्या नाही आणि त्यातल्या बहुतेकांचं पुढे सुरळीत होतं.

पोटात काही बिघडलंय का, हे मात्र पत्र वाचून कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते कळायला महिनाभर थांबायचीही गरज नाही. उद्या सकाळी क्लिनिकला फोन करा. घाबरून नव्हे, माहिती द्यायला. स्लीव्हनंतर काही जणांच्या पोटाच्या नळीत एखादी जागा अरुंद होते. अशा वेळी आधी घन पदार्थ अडकतात, मग मऊ पदार्थ, मग पातळही जाईनासं होतं. तुमचं पातळ आणि मऊ छान जातंय, उलट्या तीनच आणि त्याही ठरावीक पदार्थांनंतरच झाल्यात, म्हणून मला ही शक्यता कमी वाटते. पण खात्री सर्जनच करू शकतात. तशी शंका आली तर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, किंवा औषध पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये ते दिसतं आणि बहुतेकदा फुग्याने ती जागा रुंद करता येते. फोनवर चार गोष्टी नेमक्या सांगा: काय खाल्लं, साधारण किती, त्रास किती मिनिटांनी झाला आणि दिवसाकाठी पाणी किती पोटात जातं. "मला जेवण जात नाही" एवढंच सांगितलंत तर समोरच्याला तुमचं प्रकरण तातडीचं आहे की नाही ते कळत नाही.

आता तुमच्या तीन पदार्थांकडे येऊ. चिकन, भात आणि ब्रेड. अनेक अनुभवी माणसांना वर्षभरानंतरही त्रास देणारे हेच तीन पदार्थ तुम्ही सुरुवातीलाच निवडलेत! यात तुमची चूक नाही. तक्त्यावर "नेहमीचं जेवण" असं लिहिलेलं असतं, आणि नेहमीचं जेवण म्हटल्यावर माणूस भात-ब्रेडकडेच वळणार. त्या नोंदीचा अर्थ मात्र वेगळा असतो. सातव्या आठवड्यापासून घन पदार्थांचा एकेक करून प्रयोग सुरू करायला तुमच्या टाक्यांची हरकत नाही, एवढंच ती सांगते. त्या दिवशी पोट पूर्वीसारखं झालेलं असतं, असं ती सांगत नाही. वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे तक्तेही सारखे नसतात. कुठे मऊ आहार चौथ्या आठवड्यात येतो, कुठे सहाव्या. तारीख म्हणजे त्याआधी खाऊ नका अशी मर्यादा आहे. त्या दिवशी खाल्लंच पाहिजे, असं बंधन नाही.

हे तिन्ही पदार्थ अडकले त्याची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती कळली की भीती बरीच कमी होते.

स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलीटर मावतं. काढलेल्या भागात पोटाचा वरचा, फुग्यासारखा ताणणारा भाग असतो. पूर्वी घाईघाईत गिळलेला मोठा घास तो भाग सामावून घ्यायचा आणि तुम्हाला पत्ताही लागायचा नाही. आता सामावून घेणारं कुणी नाही. नळीच्या भिंती कमी ताणतात, खालचं दार त्याच्या वेळेनेच उघडतं, आणि मधे थांबलेल्या घासावर पुढचा घास येऊन बसला की दाब थेट छातीत जाणवतो. तोंडाला सुटणारी फेसाळ लाळ ही शरीराचीच धडपड असते, अडकलेलं सरकावं म्हणून. तिला घाबरू नका. ती सुटली की खाणं थांबवायचं, उठून सावकाश चालायचं आणि वरून पाणी प्यायचं नाही. पाण्याने ते खाली जात नाही, वर येतं.

चिकनच्या छातीचं मांस कोरडं आणि धाग्याधाग्यांचं असतं. फ्रीजमधून काढून पुन्हा गरम केलं की आणखी कोरडं होतं. कितीही चावलं तरी त्याचा लगदा होत नाही, बारीक दोऱ्यांचा गुंता होतो. भाताची शितं एकमेकांना चिकटून गोळा होतात. ताजा मऊ ब्रेड तर सगळ्यात फसवा. तोंडात मऊ लागतो म्हणून वाटतं सहज जाईल, पण लाळेत भिजून त्याची चिकट कणीक होते आणि ती नळीच्या तोंडाशी बसते. म्हणून तोच ब्रेड कडक भाजून खाल्ला तर पुष्कळांना चालतो, कारण भाजलेल्याचा चुरा होतो, गोळा होत नाही.

थोडक्यात, घन आहार तुम्हाला जमत नाही असं अजून सिद्ध झालेलंच नाही. तीन अवघड पदार्थ, बहुधा कोरडे आणि बहुधा घाईत खाल्लेले, जमले नाहीत, एवढंच झालंय. मला तुम्हाला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे: एकदा न जमलेला पदार्थ बंद यादीत टाकू नका. त्याच्यापुढे "आत्ता नाही, असा नाही" असं लिहा. तो किती कोरडा होता, घास किती मोठा होता, किती वेगाने खाल्ला आणि एकूण किती खाल्ला, या चारपैकी एक गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा. चारही एकदम बदलल्या तर कशामुळे जमलं ते कळणार नाही.

सुरुवात अंड्यापासून करा. तुम्ही अंडं खात असाल असं चिकनवरून गृहीत धरते. एक अंडं फोडून त्यात थोडं दूध घाला, मंद आचेवर सतत हलवा आणि अजून ओलसर, चकाकतं असतानाच उतरवा. कोरडं होऊन त्याचे दाणे पडले की ते पुन्हा चिकनच्याच वाटेने जाईल. लहान ताटली घ्या, चहाचा चमचा घ्या. चमच्याच्या टोकावर बोटाच्या नखाएवढं घ्या. तोंडात त्याचं नुसतं पाणी होईपर्यंत चावा, वीस-पंचवीस वेळा तरी. गिळल्यावर चमचा खाली ठेवा. हातात धरून ठेवू नका, खाली ठेवा, कारण हातातला चमचा आपोआप ताटलीकडे जातो. मिनिटभर थांबा. आत काय होतंय तिकडे लक्ष द्या. काहीच होत नसेल तर पुढचा. असे चार-पाच चमचे झाले की त्या दिवसापुरता प्रयोग संपला. भूक असली तर ओळखीच्या दह्याने जेवण पूर्ण करा. अंडं छान गेलं म्हणून सगळं संपवायचा मोह होईल, पण तो पहिल्या दिवशी आवरा.

"पोट भरलं" ही खूण आता पूर्वीसारखी पोटात मिळत नाही. कुणाला एक छोटी उचकी लागते, कुणाचं नाक वाहायला लागतं, कुणाला शिंक येते, कुणाला बरगड्यांच्या मधोमध हलका दाब जाणवतो. तुमची खूण यातली कुठली ते तुम्हालाच शोधायचंय, आणि एकदा सापडली की तो शेवटचा घास समजायचा. ताटलीत अर्धा चमचाच उरला असला तरी तो उरू द्या. आपल्यातल्या बहुतेकांवर अन्न टाकू नये हा संस्कार खोलवर झालेला असतो. म्हणून टाकायची वेळच येऊ नये इतकं कमी वाढून घ्या.

नवा पदार्थ दोन दिवसांत एकच. तोही दिवसा, घरी, घाई नसलेल्या वेळी. रात्री उशिरा नव्हे, पाहुणे असताना तर नव्हेच. एका छोट्या वहीत तीन रकाने करा: पदार्थ कसा शिजवला होता, किती खाल्ला, पुढच्या तासाभरात काय झालं. ही वही तुमच्या आहारतज्ज्ञांना कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा जास्त सांगेल.

अंडं दोन-तीन वेळा नीट गेलं की मासा. उकडलेला किंवा वाफवलेला, फोर्कने सहज पदर सुटणारा पांढरा मासा या टप्प्यावर फार उपयोगी पडतो, कारण त्याचे धागे आखूड असतात. सोबत काहीतरी पातळसर हवंच, दह्याचं किंवा टोमॅटोचं. मग मऊ शिजवून चमच्याने घोटलेल्या डाळी आणि सालं काढलेली कडधान्यं. मग मऊ शिजलेल्या भाज्या, पण दोरे आणि साली असलेल्या नकोत. फळांमध्ये पिकलेली, सोललेली, मऊ. संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल अनेकांना अडकते, म्हणून ते सध्या राहू द्या. मांसाहाराकडे वळताना खिम्यापासून सुरुवात करा, तोही रश्शातला, आणि चिकन असेल तर छातीऐवजी मांडीचं, कारण त्यात ओलावा टिकतो. कच्च्या कोशिंबिरी, सुकामेवा, भाजलेला ब्रेड आणि सगळ्यात शेवटी भात. या क्रमाचं कारण नुसतं पचन नाही. तुमच्या छोट्याशा पोटात रोज जागा थोडीच आहे आणि तिच्यावर पहिला हक्क प्रथिनांचा. साधारणपणे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे ध्येय असतं. तुमच्यासाठीचा नेमका आकडा तुमचे आहारतज्ज्ञ ठरवतील. एका अंड्यातून सहा-सात ग्रॅम मिळतात, म्हणजे सध्या प्रोटीनचं पेय सोडून चालणार नाही. घन पदार्थ वाढतील तसं ते हळूहळू कमी करा.

इथे बिस्किटांबद्दल बोलायला हवं. अपराधी वाटून घेऊ नका, पण ती का जातात हे नीट समजून घ्या. चहात भिजलेलं बिस्किट पोटात जाईपर्यंत जवळजवळ पातळ झालेलं असतं. ते नळीत थांबतच नाही, घसरून पुढे जातं. म्हणून दुखत नाही, आणि म्हणूनच पोट भरत नाही. अशी कितीही खाता येतात. आइस्क्रीम, वेफर्स, चॉकलेट, फळांचे रस यांचंही तेच. चांगलं अन्न दुखवतं आणि गोड-कुरकुरीत अन्न सुखाने जातं, असा अनुभव लागोपाठ काही आठवडे आला की मन आपसूक दुसऱ्याकडे झुकतं. सर्जरीनंतर वजन अडकण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे आणि त्याची सुरुवात बहुधा हावरटपणाने होत नाही. ती तुमच्यासारखीच, दुखण्याच्या भीतीने होते. म्हणून माझा आग्रह आहे की फक्त सूप-दह्यावर फार काळ राहू नका. पातळ आहार आत्ता सुरक्षित वाटतोय, पण त्याने पोट भरल्याची जाणीव टिकत नाही, प्रथिनं अपुरी पडतात, चावायची सवय सुटते, आणि जितके दिवस जातात तितका पहिला घास अवघड होत जातो. बिस्किटं घरात आणू नका हे सांगणं सोपं आहे. त्यापेक्षा चहाच्या वेळी भूक का लागते ते बघा. दुपारच्या जेवणात अंडं किंवा मासा गेला की ती ओढ पुष्कळ कमी होते.

पाण्याचा एक नियम मात्र कडक आहे. जेवायला बसलात की पाणी नाही, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास नाही. जेवताना प्यायलं तर नळी पाण्यानेच भरते किंवा अन्न पातळ होऊन लवकर पुढे जातं, दोन्ही नको. उरलेल्या वेळात मात्र घोट-घोट करत दिवसाला निदान दीड लिटर गेलंच पाहिजे. बाटली सतत नजरेसमोर ठेवा. लघवी गडद पिवळी होतेय, उठल्यावर गरगरतंय, तोंड कोरडं पडतंय, तर पाणी कमी पडतंय. सर्जरीनंतरच्या पहिल्या महिन्यांत हॉस्पिटलमध्ये परत जावं लागण्याचं हे एक मोठं कारण असतं आणि ते टाळता येण्यासारखं आहे. फसफसणारी पेयं नकोत. दारूही नको. या सर्जरीनंतर ती रक्तात लवकर आणि जास्त चढते.

नणंदेशी तुलना करू नका, आणि हे मी समजूत घालायला म्हणत नाही. बायपास ही वेगळीच सर्जरी आहे. त्यात पोटाची साधारण ३० मिलिलीटरची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. स्लीव्हमध्ये पोटाचं खालचं दार अन्नाला अडवून धरतं, बायपासमध्ये ते दार वाटेतच येत नाही. त्यामुळे तिला एखादा पदार्थ सहज जाईल आणि तुम्हाला दाब जाणवेल, हे शक्य आहे. तिचं दुखणं दुसरीकडे असू शकतं. गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब, किंवा दोन-तीन तासांनी साखर एकदम उतरून थरथर. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हनंतरही ते होऊ शकतं, पण बायपासनंतर जास्त दिसतं. तिला एकदा निवांत विचारा की तिला काय चालत नाही. बहुतेक एक लांबलचक यादी ऐकायला मिळेल.

सासूबाईंच्या काळजीचंही ऐकते. घरात कुणी जेवत नसेल तर घरच्यांचा जीव कासावीस होतो, त्यांना दोष देता येत नाही. पण या पोटाला "घासभर तरी" परवडत नाही. उलटी बहुतेकदा त्या एका जास्तीच्या घासानेच होते. त्यांना नुसतं "नको" म्हटलंत तर ते नाकारल्यासारखं लागेल. त्याऐवजी काम द्या. "आई, मला जास्त खायला नको, पण ओलसर हवंय. मासा तुम्ही मऊसूत शिजवून द्याल का?" हाताशी काम आलं की ताटाकडे लागलेली नजर आपोआप हलते. आणि जेवताना कुणी "झालं का? गेलं का? दुखतंय का?" असं विचारत राहिलं तर गळा आवळतो, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा. पहिले काही प्रयोग एकटीने, शांत बसून केलेत तरी चालेल.

केसांचं थोडक्यात सांगते. मोठी सर्जरी आणि वेगाने उतरणारं वजन यांमुळे तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास केस गळतात आणि मग आपोआप थांबतात. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर गळणं लांबतं, म्हणून रक्ततपासणीत लोहाचा साठा बघून घ्या. केसांच्या म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या परस्पर सुरू करू नका. त्यांनी थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि मला खरी काळजी तिथे वाटते. उलट्यांच्या धास्तीने पुष्कळ जण गोळ्याही बंद करतात. तसं झालं असेल तर फोनवर तेही सांगा. चघळायच्या किंवा पातळ स्वरूपातल्या मिळतात. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी घेऊ नका, मधे दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर एक दुसऱ्याला अडवतं. सगळ्यात महत्त्वाचं थायमिन, म्हणजे बी-१. शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवडे पुरतो. खाणं कमी आणि उलट्या चालू असतील तर तो लवकर संपतो. पाय लटपटणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं यातलं काही जाणवलं तर तास न घालवता हॉस्पिटल गाठा आणि "माझी वजनाची सर्जरी झालीय, थायमिन कमी असेल" हे पहिल्या वाक्यात सांगा. ग्लुकोजची सलाईन लावायची असेल तर थायमिन त्याआधी द्यावं लागतं, आणि ही सर्जरी नेहमी न पाहणाऱ्या डॉक्टरांच्या ते लगेच लक्षात येईलच असं नाही. हे वाक्य घरच्यांनाही पाठ करून ठेवायला सांगा.

आणखी काही वेळा अशा आहेत की फोनची वाट बघायची नाही. पाणीसुद्धा टिकत नाही, दिवसभर उलट्या चालू आहेत. ताप आहे, पोटात वाढत जाणारी कळ आहे, बसल्या जागी नाडी जोरात धावतेय, श्वास लागतोय. शौचाला काळं होतंय किंवा उलटीत रक्त आहे. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली तीव्र दुखतं आणि ते पाठीकडे जातं, तर पित्ताशयातल्या खड्यांची शंका असते. वजन झपाट्याने उतरताना ते होतात. यातलं काहीही "घन पदार्थ जमत नाहीत" या सदरात मोडत नाही. आणि कुठलंही दुखणं असलं तरी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका, सर्जनला विचारूनच घ्या. पोटाच्या अस्तराला त्या सोसत नाहीत.

यातलं काही नसेल आणि क्लिनिकनेही हिरवा कंदील दाखवला, तर पुढचा महिना अंडं, मासा आणि मऊ डाळी यांचा. तेवढ्यावर थांबलात तरी पुष्कळ झालं. पोटाची सूज आणि ताठरपणा अजून काही महिने कमी होत राहील. सहा महिन्यांच्या आसपास बऱ्याच जणांना कपभर जेवण आरामात जातं आणि तेव्हा घरातल्या इतरांच्याच जेवणातला ओलसर, प्रथिनांचा भाग आधी वाढून घेता येतो, वेगळं शिजवावं लागत नाही. वर्ष सरताना बहुतेकांच्या ताटात जवळजवळ सगळे पदार्थ परतलेले असतात, लहान प्रमाणात. काहींना ताजा ब्रेड किंवा कोरडं, धाग्यांचं मांस कायमच जड जातं, आणि ते त्याशिवाय उत्तम जेवतात.

चिकनचा पुन्हा विचार करायचा तो खिमा दोन-तीनदा नीट गेल्यावर, आणि तेव्हाही त्याच दिवशी शिजवलेलं, रश्शातलं. क्लिनिकने काही वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, माझं नव्हे. त्यांनी तुमचं पोट आतून पाहिलेलं आहे. वहीत चार-पाच पदार्थांच्या नोंदी झाल्या की मला पुन्हा लिहा. अंड्याचं काय झालं ते तर नक्की कळवा.

तुमची,
ताई